मनगटावरची चकती

ताईचा माणसांवर विश्वास नव्हता असं म्हणणं तिच्यावर अन्याय होईल. विश्वास होता, फक्त त्याआधी माणूस तपासून घ्यावा लागे. लहानपणी धाकट्या भावाच्या कपाळाला हात लावून आई म्हणायची, पोराच्या अंगात कणकण आहे. की ताई थर्मामीटर झटकत हजर. आईच्या हाताला दशांश कळत नाहीत असं तिने पाहुण्यांदेखत सांगितलं, तेव्हा ती चौथीत होती. पाहुण्यांनी कौतुक केलं आणि ही मुलगी मोठी होऊन नाव काढणार असं भाकीत करून ते चहा पिऊन गेले. आईला काय वाटलं हे कुणी विचारलं नाही.

नाव तिने काढलंच. रसायनशास्त्रात डॉक्टर झाली आणि एका संशोधन संस्थेत लागली. संस्थेच्या तळमजल्यावर हिशेबनीस बसत, दुसऱ्या मजल्यावर संचालक, म्हणजे साहेब, आणि साहेबांचा गालिचा, आणि सगळ्यात वरती, जिथे नळाला पाणी आलं तर आलं, तिथे संशोधन. ताईच्या खोलीतला उजेड पिवळा होता. तिच्या बाटल्यांतला द्राव साध्या उजेडात बाटलीतच गोठून बसे, म्हणून खिडकीला आणि दिव्यांना पिवळा कागद लावलेला. त्या उजेडात धडधाकट माणूसही काविळीने आजारी दिसे. साहेब वर्षातून एकदा पाहणीला येत, कपाटाच्या काचेत स्वतःचा चेहरा बघत आणि पाहणी लगेच आटोपती घेत.

काम सांगायला सोपं होतं, म्हणून साहेब ते सगळीकडे सांगत. मसुराच्या दाण्याएवढी प्लास्टिकची चकती. तिच्या मधोमध प्लॅटिनमचा ठिपका. ठिपक्यावर द्रावाचा थेंब, त्यात एन्झाइम कालवलेलं. थेंबावर काही क्षण जांभळा उजेड पाडला की त्याची जेली होते, पातळ पडद्यासारखी, आणि एन्झाइम तिच्या जाळीत अडकून पडतं. बाहेरचा घाम आत येऊ शकतो, एन्झाइम बाहेर जाऊ शकत नाही. हे एन्झाइम म्हणजे एकाच जातीच्या पदार्थाला ओळखणारं आणि बाकी जगाकडे ढुंकूनही न बघणारं रसायन. त्याला हवा तो पदार्थ घामातून आला की ते त्याचे तुकडे करतं, प्लॅटिनममध्ये बारीकशी वीज खेळते आणि वायरीने जोडलेल्या डबीवर आकडा उमटतो. नातेवाइकांमध्ये याचा सारांश असा झाला होता की ताई जेली करते.

एवढं सोपं काम वर्षानुवर्षं होत नव्हतं. उजेड कमी पडला की जेली कच्ची राही आणि पाण्यात बुडवली की पडदा सुटून तरंगायला लागे. उजेड जास्त झाला की पडदा मस्त घट्ट, पण आतलं एन्झाइम गतप्राण. हवा लागली तर वरचा थर चिकटच राही, म्हणून नळीने नायट्रोजन सोडत बसायचं. एन्झाइमचे नखरे आणखी वेगळे. त्याला बर्फात ठेवायचं, जोरात हलवायचं नाही, फेस येऊ द्यायचा नाही. जावयाचेसुद्धा कुणी इतके लाड करत नाही, असं ताई घरी मुद्दाम म्हणे. त्या घरात जावई यायचा राहूनच गेला होता, त्यामुळे हा विनोद ऐकून आई भाजीत जरा जास्तच मीठ टाकत असे.

आधी ती रक्तातली साखर मोजायच्या चकत्या करत होती. जगाने त्या करून, विकून, जुन्या झाल्या म्हणून टाकूनही दिल्या, तेव्हा साहेबांच्या लक्षात आलं की आपली संस्थाही त्यावर संशोधन करते आहे. मग रातोरात विषय बदलला. आता घामातली दारू मोजायची. गाडी चालवणारे, यंत्रं चालवणारे, दारू सोडल्याचं सांगणारे, सगळ्यांच्या मनगटावर चकती. एका कंपनीने रसही दाखवला. ताईने जेली तीच ठेवली, प्लॅटिनम तेच, उजेड तोच, फक्त आत बसवलेलं एन्झाइम बदललं. बाकी कशालाच हात लावायची गरज नाही असं तिने लेखी कळवलं आणि साहेबांनी त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतली.

नव्या चकत्या फार गुणी निघाल्या. काचेच्या पेल्यांत ताई दारूचे थेंब मोजून टाके आणि चकती बरोबर तेवढाच आकडा दाखवे. साध्या पाण्यात शून्य. मिठाच्या पाण्यात शून्य. माणसाच्या कातडीवर मात्र त्या अजून लागल्या नव्हत्या, कारण त्यासाठी समितीची परवानगी हवी आणि समितीचे सगळे सभासद एका दिवशी एका खोलीत सापडत नव्हते. तोवर चकत्या पेल्यांत बसून पीत होत्या.

आता धाकट्याबद्दल. धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. हाताला गुण होता. बंद पडलेल्या लिफ्टशी तो दहा मिनिटं हळू आवाजात काहीतरी बोलायचा आणि ती चालू लागायची, असं त्याच्याबरोबर काम केलेले लोक सांगत. आणि तो प्यायचा. दारू सोडण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, इतक्या वेळा त्याने ती सोडली होती. प्रत्येक वेळी आई आनंदाने रडायची, ताई भुवया उंचावायची, आणि थोड्या दिवसांनी ताईचंच खरं व्हायचं. शेवटी त्याची बायको मुलीला घेऊन माहेरी गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. मुलीच्या शाळेच्या बुटांना पॉलिश करून तिने ते पिशवीत भरले आणि ती निघाली. धाकट्याला जे काही समजायचं होतं ते बहुधा त्या बुटांकडे बघून समजलं असावं.

त्यानंतर त्याने सोडली. म्हणजे पुन्हा सोडली, पण या वेळी त्याने कुणाला सांगितलं नाही, शपथा घेतल्या नाहीत, हे आईच्या लक्षात आलं. तो संध्याकाळी एका हॉलमध्ये जाऊन बसे. तिथे त्याच्यासारखीच माणसं गोल करून खुर्च्यांवर बसत आणि आपापली कर्मकहाणी सांगत. कामावर वेळेत जाई. वजन वाढलं. आईने हे सगळं सुनेच्या कानावर घातलं, पण सासूचं प्रशस्तिपत्र कुठली सून ग्राह्य धरते? शेवटी सुनेनेच ताईला फोन केला. नवऱ्याच्या शब्दावर ती येणार नव्हती, तो शब्द फार वापरून झाला होता. आईंच्याही शब्दावर नाही, कारण त्या आई आहेत.

"ताई, तुम्ही कधी कुणाला बरं वाटावं म्हणून बोलत नाही," ती म्हणाली. "तुम्ही सांगा, त्याने खरंच सोडलीय. मी दुसऱ्या दिवशी येते."

दुसरी एखादी बहीण असती तर भावाकडे गेली असती, समोर बसली असती, त्याच्या हातांकडे, डोळ्यांकडे बघितलं असतं, त्याच्याबरोबर चार दिवस जेवली असती आणि मग काय ते सांगितलं असतं. पण बघणं, बसणं, जेवणं ही ताईच्या लेखी फार ढिसाळ साधनं होती. घरात एका संसाराचा निकाल लागायचा होता, तो असा अंदाजपंचे लावायचा? तिने फ्रिजमधल्या दोन चकत्या आणि आकड्याची डबी पर्समध्ये घातली. समितीच्या परवानगीचं काय, हा प्रश्न तिला पडला होता, पण भाऊ म्हणजे काही परका माणूस नव्हे, असं तिने स्वतःला समजावलं.

रविवारी दुपारी धाकटा जेवायला आला. सकाळी कुठल्याशा इमारतीत लिफ्ट अडकली होती, ती सोडवून तसाच आला होता. हात साबणाने धुतले तरी कोपरापर्यंत ग्रीसचे काळे ओघळ होते. जेवणं झाल्यावर ताईने टेबलावरची ताटं बाजूला केली आणि डबी मांडली. काय करणार आहे ते तिने सांगितलं. धाकटा हसला. चांगलं आहे की, म्हणाला, एकदाचं काय ते होऊन जाऊ दे. त्याने आपणहून हात टेबलावर ठेवला, आणि तेव्हा तो इतका निर्धास्त होता की आईने टेबलाशी खुर्ची ओढून घेतली.

ताईने कामात कुचराई कधी केली नव्हती. तिने कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवला आणि त्याचं मनगट पुसलं. बोळा काळा झाला. दुसरा घेतला, तो करडा झाला. तिसरा घेतला आणि बोळा पांढराशुभ्र निघेपर्यंत घासलं. मग फुंकर घालून कातडी वाळवली, चकती चिकटवली, वायर जोडली आणि तिघंही डबीकडे बघत बसले. आकडा शून्यावर थोडा रेंगाळला आणि वर चढू लागला. चढतच राहिला.

ताई एका मोजमापावर कधीच विसंबत नसे. तिने ती चकती काढली, दुसऱ्या मनगटावर तितक्याच काळजीने तीच सगळी तयारी केली आणि दुसरी चकती लावली. आकडा पुन्हा चढला. दोन स्वतंत्र चकत्या, दोन हात, एकच उत्तर. शास्त्रात याहून जास्त काय हवं असतं? तिसरा एखादा हात घेऊन बघावा, स्वतःचाच, हे तिच्या मनात आलं नाही. आपण पीत नाही हे तिला ठाऊकच होतं, ते मोजायची काय गरज?

"मी घेतलेली नाही," धाकटा म्हणाला.

हे त्याने एकदाच म्हटलं. पूर्वी तो पिऊन आला की हेच वाक्य चढत्या आवाजात पुन्हा पुन्हा म्हणायचा, त्यामुळे एकदाच म्हणून गप्प बसणं म्हणजे कबुलीच, असा अर्थ दोघींनी काढला. ताई थंडपणे म्हणाली की चकतीला त्याचं नाव माहीत नाही, इतिहास माहीत नाही, तिचं कुणाशी वैर नाही. आईने तर एरवी यंत्र म्हटलं की दोन हात लांब राहायचं ठरवलेलं, पण त्या दिवशी तीही डोळे पुसत म्हणाली की यंत्र कशाला खोटं बोलेल, त्याला काय पडलंय. धाकट्याने आपली दोन्ही मनगटं उलटसुलट करून पाहिली, दुसऱ्या कुणाची असावीत तशी. मग उठला आणि चपला घालून निघून गेला.

ताईने भावजयीला फोन करून आकडा सांगितला. शेवटच्या दशांशासकट सांगितला. पलीकडून नुसतं "बरं" आलं आणि फोन ठेवला गेला. त्या दिवशी ताईला वाईट वाटलं, पण त्या वाईट वाटण्यात एक समाधानही होतं, आपण नात्याला भुललो नाही याचं. असल्या समाधानाबद्दल लोकांना फार आदर वाटतो आणि ते बाळगणाऱ्याला तर त्याहून जास्त.

पुढे कंपनीचे लोक चकती बघायला आले. समिती अजूनही जमायची होती, पण साहेबांनी त्यावर तोड काढली: चकती त्यांच्याच हातावर लावायची. साहेबांना परवानगी देणारी समिती अजून जन्माला यायची होती. शिवाय साहेब दारूला शिवत नसत, आणि ही गोष्ट ते स्वागताच्या भाषणात, आभाराच्या भाषणात आणि मधल्या चहाच्या वेळीही सांगत. त्यांच्या हातावर आकडा शून्य येणार, मग पेल्यात चार थेंब टाकून दाखवायचे, मग टाळ्या, मग करारावर सही, असा कार्यक्रम ठरला.

गालिच्यावर खुर्च्या मांडल्या. साहेबांनी बाही वर केली. ताईने बोळा स्पिरिटमध्ये भिजवला, मनगट काळजीपूर्वक पुसलं, फुंकर घातली, चकती लावली. आकडा थोडा रेंगाळला आणि वर चढू लागला. सकाळचे अकरा वाजले होते आणि संस्थेच्या अत्याधुनिक उपकरणानुसार साहेब झिंगलेले होते.

आणि मग काय झालं ते नीट बघण्यासारखं आहे. खोलीतल्या एकाही माणसाच्या मनाला शिवलं नाही की साहेबांनी घेतली असेल. डबीवाला, म्हणजे ज्याने ती आकड्याची डबी बांधली होती तो, आधी डबीवर तुटून पडला. कुणी वायर तपासली. कुणी म्हणालं बॅटरी उतरली असेल, कुणी म्हणालं खोलीत उकडतंय, कुणी जेलीला दोष दिला. साहेबांनी सकाळी खोकल्याचं औषध घेतलं होतं का, याचीही अत्यंत अदबीने चौकशी झाली. साहेब नुसते हसत बसले होते, आणि "मी घेतलेली नाही" असं म्हणायची वेळसुद्धा कुणी त्यांच्यावर आणली नाही. शेवटी कंपनीकडून आलेल्या बाईंनी नाक वर करून हवा हुंगली. स्पिरिटचा वास येतोय, त्या म्हणाल्या.

सगळ्यांनी ताईच्या हातातल्या बोळ्याकडे पाहिलं. ताईनेही पाहिलं. स्पिरिट म्हणजे दारूच. पिण्याची नव्हे एवढाच काय तो फरक, आणि एन्झाइमला पिण्याशी कर्तव्य नव्हतं. साखरेच्या चकत्यांच्या काळात कातडी स्पिरिटने पुसायची शिस्त तिने स्वतःला लावून घेतली होती. साखरेचं एन्झाइम स्पिरिटकडे बघतही नसे. विषय बदलला, एन्झाइम बदललं, हात मात्र जुन्याच वळणाने बोळा भिजवत राहिला. वरवर वाळलेल्या कातडीतून उरलंसुरलं स्पिरिट चकतीखाली कोंडलं गेलं आणि जेलीने ते मुकाट्याने पिऊन घेतलं.

साहेबांचं निर्दोषत्व चहा गार व्हायच्या आत सिद्ध झालं. लोक पोट धरधरून हसले. मनगट साध्या पाण्याने धुऊन नवी चकती लावली, शून्य आलं, टाळ्या झाल्या, सहीही झाली. साहेबांना तो किस्सा इतका आवडला की पुढे भाषणांत ते तोच सांगू लागले. ताई त्या गलक्यात उभी होती आणि तिला वेगळंच काही दिसत होतं. इथे आकडा चढला तेव्हा सगळ्यांनी यंत्र तपासलं. तिच्या घरात आकडा चढला तेव्हा कुणी यंत्राकडे वळूनही पाहिलं नव्हतं. आणि धाकट्याचे हात तर ग्रीसने माखलेले होते, म्हणून तिने एकाऐवजी तीन बोळे वापरले होते. भाऊ जितका स्वच्छ केला, तितका तो जास्त प्यायलेला निघाला.

तरी पिवळ्या खोलीत जाऊन तिने खात्री करून घेतली, स्वभावाला औषध नाही म्हणून. एका हाताला पाण्याचा बोळा, दुसऱ्या हाताला स्पिरिटचा. पाण्याच्या हातावर शून्य. स्पिरिटच्या हातावर, जन्मात दारूचा थेंब न घेतलेली ताई, थेट धाकट्याच्या आकड्यापर्यंत जाऊन पोचली. ती तिथेच स्टुलावर बसून रडली. रडताना काचेत तिचा चेहरा पिवळाधमक दिसत होता, आणि एरवी ती त्यावर काहीतरी बोलली असती.

पहिला फोन तिने भावजयीला केला. चूक कशी झाली ते सगळं सांगितलं. एन्झाइम, जेली, स्पिरिट, जुनी सवय. भावजयीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मी तुमच्या यंत्राला विचारलं नव्हतं, ताई," ती म्हणाली. "तुम्हाला विचारलं होतं."

ती येणार का, हे विचारायचा ताईला धीर झाला नाही आणि भावजयीनेही आपणहून काही सांगितलं नाही.

धाकटा त्या रविवारनंतर घरी आला नव्हता. आईचे फोन उचलून तो बरा आहे एवढंच सांगे. ताईने त्याच्या कचेरीत विचारलं, तेव्हा तो एका उंच इमारतीत कामाला असल्याचं कळलं. लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद, म्हणून सगळे जिने चढून जावं लागलं, आणि वर पोचेपर्यंत तिने रचून आणलेली वाक्यं धापेबरोबर बाहेर पडून गेली. गच्चीवरच्या खोलीत मोटर उघडी पडली होती. धाकटा मांडी घालून बसला होता आणि ब्रेकचे झिजलेले पट्टे काढत होता. ताईला बघून त्याने एक उलटी बादली बसायला पुढे सरकवली.

ती बसली आणि तिने सांगितलं. या वेळी जेली नाही, एन्झाइम नाही. मी तुझ्या हाताला दारू चोळली आणि मग तू दारू प्यायलास असं म्हणाले, एवढंच. चुकलं माझं. आयुष्यात तिने हे दोन शब्द कधी वापरले होते का, याची शंकाच आहे. धाकटा आधी तिच्याकडे बघत राहिला आणि मग हसायला लागला. साहेबांचा भाग ऐकून तर त्याला हसू आवरेना. मोठा माणूस झिंगला तर यंत्र बिघडतं होय, म्हणाला. हसणं ओसरल्यावर तो पाना हातात फिरवत बसला.

"मला खरं वाटलं होतं," तो म्हणाला. "तू खोटं बोलणार नाहीस, आणि तुझं यंत्रही नाही. मग राहिलो मी. म्हटलं, घेतली असेल आणि विसरलो असेन. व्हायचं ना तसं पूर्वी."

"अरे पण तू घेतली नव्हतीस."

"नव्हती. पण सगळ्यांच्या लेखी घेतलेलीच होती, मग राहिलं काय? त्याच संध्याकाळी घेतली." त्याने पट्ट्यावरची काळी भुकटी फुंकून उडवली. "यंत्र तुझं चुकलं नव्हतं, ताई. जरा घाईत होतं, एवढंच."

खाली कुठेतरी कुणीतरी लिफ्टचं बटण दाबत होतं, वरती एक दिवा उगाचच लागत होता आणि विझत होता. धाकट्याने उठून तो काढून टाकला.

"त्या एका संध्याकाळी," तो पाठमोराच म्हणाला. "त्यानंतर नाही. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये जाऊन सगळ्यांना सांगितलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली."

ताईला त्यावर विश्वास ठेवायचा होता. इतकं मनापासून तिला दुसरं काही कधी हवं नव्हतं. पण तिचा हात पर्सकडे गेला. पर्समध्ये नवी चकती होती, डबी होती, साध्या पाण्याची बाटलीही होती. ती हे सगळं कशाला घेऊन आली होती हे तिने स्वतःला विचारलंच नव्हतं. बोटं चेनपर्यंत पोचली तेव्हा तिचं तिला कळलं आणि हात तिथेच थांबला. तोवर धाकटा वळला होता आणि त्याने ते पाहिलं होतं.

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने पाना खाली ठेवला, शर्टाच्या बाहीचं बटण काढलं, बाही कोपरापर्यंत वर केली आणि हात पुढे धरला, कुणाला सवयीने तिकीट काढून दाखवावं तसा.

ताईला जन्मात इतकी लाज वाटली नव्हती. तिने पर्स बादलीमागे ढकलली, त्याची बाही खाली ओढली आणि बटण लावायला गेली. बटण काही काजात जाईना, म्हणून शेवटी ते त्यानेच लावलं.